धूपदाणी कधी काढली?

१

राजीनामा आधीच टाइप करून ठेवलेला होता. शर्मिलाने फक्त सही करायची होती.

"मी काय केलंय, ते तरी सांगा," ती म्हणाली.

टेबलापलीकडे अल-जुमान इलेक्ट्रॉनिक्सचे मुख्याधिकारी फवाजसाहेब बसले होते. गृहस्थ सभ्य. कधी आवाज चढवायचे नाहीत, आणि हाच त्यांचा मोठा दोष होता, कारण शांतपणे सांगितलेली थाप लोकांना पटकन पटते. केबिनचं काचेचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. बाहेर रियाधच्या ओलाया भागातल्या टॉवरमधला तो अख्खा मजला कीबोर्ड थांबवून ऐकत होता.

"हुफूफच्या डीलरला बातमी तुम्ही दिलीत," फवाजसाहेब म्हणाले.

बातमी होती कंपनीच्या धूपदाणीची. सौदी घरात पाहुणा आला की त्याला बखूरचा सुगंधी धूर देतात. पूर्वी त्यासाठी निखारे लागायचे, आता बॅटरीवरचं छोटं सोनेरी यंत्र लागतं. अल-जुमानचं हे यंत्र वेड्यासारखं खपत होतं. गेल्या ईदला कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक भेट दिलं होतं, आणि मराठी घरांतून त्याची लगेच धूपदाणी झाली होती. मग बॅटरीत खोट सापडली. ती चार्जिंगला लावलेली असताना फुगायची आणि पेटायची. एका बुधवारी कंपनीने सगळा माल बाजारातून परत मागवला आणि शेअर कोसळला.

त्याला महिना होत आला. आता शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्यांनी विचारलं होतं, की हुफूफच्या मोहियुद्दीन नावाच्या डीलरने त्या बुधवारच्या आधीच्या रविवारीच आपले सगळे शेअर कसे काय विकले? त्याच्या कानात कोण कुजबुजलं?

"बॅटरीचा अहवाल त्या सोमवारी बैठकीत सगळ्यांपुढे आला," फवाजसाहेब म्हणाले. "त्याआधी तो दोघांनाच माहीत होता. एक, तो लिहिणारा उदय. तो तर माल परत घ्या म्हणून बैठकीत माझ्याशी भांडला. दुसऱ्या तुम्ही. शनिवारी त्याचं अरबी भाषांतर तुम्ही केलंत. हा मोहियुद्दीन तुमच्या शेजारच्या गावचा. आणि शनिवारी संध्याकाळी तुम्ही त्याला फोन केला होता."

"खजूर मागवायला."

"खजूर," फवाजसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "सही करा, फायनल एक्झिट घेऊन कायमच्या मायदेशी जा, खलास. जबाबदार व्यक्ती गेली, असं आम्ही वर कळवू. नाहीतर तुमचं नाव पाठवावं लागेल. रविवार सकाळपर्यंत विचार करा."

चिपळूणच्या मुलीने मुंबईत अरबी शिकायला घेतलं, तेव्हा सगळ्या आळीने तिला वेड्यात काढलं होतं. ती शिकली, इथवर आली, आणि तिच्या शब्दावर या कंपनीचे करार व्हायला लागले. भाषांतरकाराजवळ दुसरं भांडवल काय असतं? तिच्या हाती गुपित सुरक्षित आहे, एवढा विश्वास. तोच गेला तर रियाधमध्ये काय आणि पुण्यात काय, तिला दारात कोण उभं करणार होतं?

शर्मिलाने पेनाला टोपण लावलं.

"रविवारी येते," ती बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "सही करायला नाही. नाव सांगायला."

२

ती बाहेर आली तेव्हा सगळ्या माना खाली गेल्या. फक्त एक माणूस उठला, आणि ते होते विश्वनाथ काका.

विश्वनाथ काका कंपनीचे अर्थप्रमुख. रियाधच्या मराठी मंडळींचे आधारवड म्हणा, नाहीतर फुकटचे पुरोहित म्हणा, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला, कुणाच्या पोराची शाळा अडली की पाय काकांकडे वळायचे. शर्मिलाला ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती. राहायलाही ती त्यांच्याच इमारतीत होती.

"पोरी, सही करून टाक," काका हळूच म्हणाले. "पुण्यात माझ्या ओळखी आहेत. तुला वाऱ्यावर सोडणार नाही."

"काका, मी केलेलं नाही."

"ते मला माहीत आहे गं. पण जगाशी भांडून कुणाचं भलं झालंय?"

रात्रीची भाजी चिरता चिरता तिने जुबेलला नोकरीला असलेल्या नवऱ्याला फोन केला. विनोदही तेच म्हणाला. "कशाला नस्तं लचांड? नोकऱ्या काय, दुसऱ्या मिळतील."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने दोर आपल्या हाताने गळ्यात घालायचा, असंच ना?" ती म्हणाली. विनोद गप्प बसला. तसा तो शहाणा माणूस होता.

बारावीतली रेवा अभ्यासाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. "ममा, आर वी लीव्हिंग?" तिने विचारलं. "तुळसाआजीला कोण भेटायला जाणार मग?"

तुळसाबाई म्हणजे विश्वनाथ काकांच्या पत्नी. त्यांचं नाव निघालं आणि शर्मिलाला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. तो दिवस शुक्रवारचा, सुट्टीचा. काकांच्या घरी बायकांची ही गर्दी. तुळसाबाईंनी कुठूनसे कोळसे पैदा करून गॅसवर फुलवले, स्टीलच्या वाटीत घातले आणि त्यावर मूठभर धूप टाकला. घरभर असा धूर झाला की छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. इजिप्शियन वॉचमन आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला आणि समोर भरजरी साड्यांतल्या, हातात तिळगूळ धरलेल्या बायका पाहून दारातच थिजला. तुळसाबाईंनी त्यालाही लाडू दिला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती.

"आजी, मी खालून आमची धूपदाणी आणते ना," रेवा म्हणाली होती.

"काही नको!" काका एकदम ओरडले होते. मग स्वतःच हसले. "अगं, यंत्राच्या धुराला काय वास? निखाऱ्यावरचाच खरा."

दुसऱ्याच दिवशी उदयचा अहवाल घरीच भाषांतराला आला आणि हसणं मावळलं. शर्मिलाला तो शनिवार चांगला आठवत होता. पहिलं पान वाचून होण्याआधीच ती खुर्चीवरून उठली होती आणि रेवाच्या उशाशी चार्जिंगला लावलेली धूपदाणी तिने खस्सकन उपटून काढली होती. गुपित, नोकरी, शेअर, यातलं काही तेव्हा तिच्या डोक्यात नव्हतं. आधी आपलं लेकरू.

विळीवरचा तिचा हात थांबला.

यंत्राला आग लागते हे कळल्यावर कुणीही पहिलं काय करेल? आपल्या घरातलं यंत्र काढेल. म्हणजे "तुम्हाला कधी कळलं?" हे विचारण्यात अर्थच नव्हता, त्यावर सगळे सोमवार म्हणणार. प्रश्न वेगळाच विचारायला हवा होता.

३

गुंतवणूकदारांना सांभाळायचं काम अमोघकडे होतं. मुंबईचा तिशीतला पोरगा, बोलायला चटपटीत. नुकतीच नवी गाडी घेतलेली, त्यामुळे अर्धं ऑफिस त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघत होतं. गुरुवारी सकाळी शर्मिलाने त्याला ऑफिसच्या पार्किंगमध्येच गाठलं.

"अमोघ, तुझ्या घरची धूपदाणी तू कधी काढलीस?"

"धूपदाणी?" अमोघने आठवायचा प्रयत्न केला. "ताई, मीटिंगला मी होतो. सगळ्या स्टाफला 'ताबडतोब बंद करा' म्हणून मेल मीच लिहिला. आणि..." त्याचा चेहरा बदलला. "आयला! ती अजून माझ्या बेडशेजारी चार्जिंगला आहे."

त्याने तिथल्या तिथे रूममेटला फोन लावला आणि पार्किंग दणाणून जाईल इतक्या मोठ्याने "प्लग निकाल! अभी निकाल!" असं ओरडला. शर्मिलाला हसू आवरेना. हा एक तर फार मोठा नट होता किंवा फार मोठा वेंधळा, आणि नटाला रूममेटच्या शिव्या इतक्या मनापासून खाता येत नाहीत.

तिथून टॅक्सी करून ती अल खर्जला गेली. कंपनीची प्रयोगशाळा तिथे होती आणि प्रयोगशाळेत उदय. पुण्याचा माणूस, शब्द तोलूनमापून वापरणारा.

"माल परत मागवायच्या बरोबर आठवडाभर आधी, बुधवारी काढली," तो म्हणाला. "पहिली बॅटरी माझ्यासमोर फुगली, त्याच संध्याकाळी. बायकोला कारण सांगितलं नाही."

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"अहवाल पुरा झाल्याशिवाय मी बोलत नसतो. शनिवारी तुम्हाला पाठवला. बस."

"मधल्या दिवसांत काही मागवलंत का हो, उदय?"

उदयने चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, पेट्या मागवल्या होत्या. आगीत न जळणाऱ्या, बॅटऱ्या हलवायला. यंत्राचं मॉडेल लिहिलं, कारण लिहिलं नाही. गंमत अशी, की एरवी साध्या स्क्रूड्रायव्हरच्या मंजुरीला तुमचं ओलाया आठवडा लावतं. ही मंजुरी तासाभरात आली."

त्या संध्याकाळी शर्मिला काकांच्या घरी गेली. काकांनी तिला समोर बसवलं आणि पुण्याच्या नोकरीचं बोलणं काढलं.

"काका, एक वेडगळ प्रश्न विचारते. तुमच्या घरची धूपदाणी तुम्ही कधी काढलीत?"

"सोमवारी," काका लगेच म्हणाले. "बैठकीहून आलो आणि आधी ती काढली. हिला म्हटलं, धंदा गेला खड्ड्यात, माणसं महत्त्वाची."

तुळसाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. एरवी त्या बिस्किटांचा आग्रह केल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

शर्मिलाने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. ज्या माणसाने आपल्याला बोट धरून या शहरात चालवलं, त्याच्याविषयी असं काही मनात येणं तिला पाप वाटत होतं. पण मनात आलं होतं खरं.

४

शनिवारच्या गाडीने ती हुफूफला गेली. मोहियुद्दीनचं दुकान बाजारात मोक्यावर होतं. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, आणि गल्ल्यामागे साठीतला, मेंदी लावलेल्या दाढीचा मोहियुद्दीन.

"कशाला आलीस गो ताई इतक्या लांब?" तो म्हणाला, पण त्याने नजर चुकवली.

"मोहियुद्दीनभाई, तुम्हाला शेअर विकायला कुणी सांगितलं?"

"नाव नाय सांगायचो. जबान दिली आहे. तुझ्यावर ढकलतील हे मला माहीत नव्हतं, खुदाशप्पथ. पण जबान ती जबान."

"बरं, नाव नको. का विका म्हणाले, ते सांगा."

"का ते सांगितलंच नाय. 'विक' म्हणाले, मी विकले. मोठ्या माणसाला उलटा सवाल करायची आपली रीत आहे काय?"

"म्हणजे बॅटरीचं तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मोहियुद्दीन कडवट हसला. "ठाऊक असतं, तर त्याच रविवारी मी तुमच्या कंपनीला धूपदाण्यांची नवी ऑर्डर दिली असती काय? रमजानसाठी दुकान भरून ठेवलं. मंगळवारी माल आला, आणि बुधवारी दुपारी एक पेटली. तो बघ, माझा सेल्समन."

कोपऱ्यात एक माणूस डाव्या हाताने खोकी रचत होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

शर्मिला त्या पट्टीकडे बघत राहिली. इतके दिवस तिला राग आला होता तो स्वतःसाठी. आता आलेला राग वेगळा होता.

"भाई, तुमची जबान मोडायला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "फक्त एक गोष्ट ऐका, मग काय ते तुम्ही ठरवा."

ती सांगत गेली. मोहियुद्दीनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. शेवटी त्याने गल्ल्याला कुलूप घातलं.

"गाडी काढतो," तो म्हणाला.

५

रविवारी सकाळी फवाजसाहेबांच्या केबिनमध्ये उदय, अमोघ आणि विश्वनाथ काका बसले होते. त्यांना बोलवायचं शर्मिलाने सांगितलं होतं. राजीनाम्याचा कागद टेबलावर तसाच होता.

"साहेब, यंत्र पेटतं हे कळल्यावर माणूस आधी आपल्या घरातलं यंत्र काढतो," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मी शनिवारी काढलं. उदयनी त्याआधीच्या बुधवारी. अमोघने तीन दिवसांपूर्वी, तेही मी आठवण केल्यावर. काका, तुम्ही?"

"सांगितलं की. सोमवारी."

"मग त्याआधीच्या शुक्रवारी, भरल्या हळदीकुंकवात, तुळसाकाकू निखाऱ्यावर धूप का घालत होत्या?"

काकांनी हात झटकला. "बाईमाणसाची हौस! यालाही पुरावा म्हणायचं का आता?"

"हौसच म्हटली असती मी. पण रेवा आमची धूपदाणी आणायला निघाली, तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडलात. जन्मात कधी त्या पोरीवर आवाज चढवला नव्हतात. तुम्हाला ते यंत्र तुमच्या घरात यायला नको होतं, काका. सोमवारी कळलेल्या माणसाला शुक्रवारीच भीती कशी वाटली?"

 शर्मिला फवाजसाहेबांकडे वळली.

"त्या शुक्रवारच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी, उदयनी आगीत न जळणाऱ्या पेट्या मागवल्या, धूपदाणीच्या बॅटऱ्यांसाठी. मंजुरी देतं कोण? अर्थप्रमुख. या कंपनीत एवढ्या झटपट कधी काही मंजूर झालंय? काकांनी दोन आणि दोन चार केले. घरातलं यंत्र काढलं आणि रविवारी हुफूफला फोन केला. डीलरला फक्त 'विक' एवढंच सांगितलं. मी सांगितलं असतं तर कारणासकट सांगितलं असतं, माझ्या मुलखातला माणूस आहे तो. पण त्याने त्याच दिवशी नव्या धूपदाण्या मागवल्या. धोका माहीत असता, तर त्याने अशी ऑर्डर दिली असती का, साहेब? ज्याने फोन केला, त्याला पैसा वाचवायचा होता, मोहियुद्दीनचं दुकान नाही."

"कुणाचा पैसा?" फवाजसाहेबांनी विचारलं. "शेअर तर त्या डीलरचे होते."

"नव्हते," दारातून आवाज आला. मोहियुद्दीन आत येऊन उभा राहिला. "नाव माझं, पैसा यांचा. कंपनीचा हिशोब बघणाऱ्याला स्वतःच्या नावावर घेता येत नाही म्हणाले, म्हणून माझ्या नावावर. मी जबान दिली होती. पण माझ्या माणसाचा हात जळला, विश्वनाथभाई. एक शब्द बोलला असता तर जळला नसता. अशा जबानीला मी बांधील नाही."

काकांचे खांदे पडले. एका क्षणात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला.

"आयुष्यभराची पुंजी होती गं," ते शर्मिलाला म्हणाले. "सगळी त्या शेअरांत. म्हातारपणी कुणापुढे हात पसरू?"

"पुंजीचं मी समजू शकते," शर्मिला म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता आणि तिने तो कापू दिला. "शुक्रवारी तुमच्या घरातून धूपदाणी गेली. माझ्या घरातली रेवाच्या उशाशी चार्जिंगला होती. नात म्हणता ना तिला? शुक्रवारची रात्र ती तिथेच झोपली. 'शर्मिला, ते यंत्र काढून टाक', एवढंसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही. का? तर मी विचारेन, कसं कळलं म्हणून. आणि वर माझ्याच गळ्यात दोर अडकवून मला पुण्यात नोकरी देत होतात!"

काकांनी मान खाली घातली. 

अखेर फवाजसाहेबांनी राजीनाम्याचा कागद उचलून फाडला. "मी तुमची माफी मागतो," ते म्हणाले. "खरं काय ते वर कळवलं जाईल. पण इथे उगाच गाजावाजा नको. विश्वनाथ प्रकृतीच्या कारणाने गेले, असं स्टाफला सांगू. कंपनीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या इभ्रतीचा?"

"तुमचं नाव निघालंच की यातून."

"या खोलीतून निघालं. बाहेरून नाही," शर्मिला म्हणाली. "आरोप करताना तुम्ही दार उघडं ठेवलं होतंत, साहेब. आता ते बंद करून माफी मागता? चालणार नाही. जिथे चिखल उडवलात तिथेच तो धुवा. नाहीतर मी आणि मोहियुद्दीनभाई इथून थेट शेअर बाजारवाल्यांकडे जातो. आमच्या अरबीत सगळं सांगायला आम्हाला कुणाची गरज नाही."

अमोघने श्वास रोखून धरला होता. या केबिनमध्ये असं बोललेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. फवाजसाहेब उठले, डोक्यावरच्या गुत्र्याची घडी सारखी केली आणि दार उघडून बाहेर आले.

सगळा मजला उभा राहिला. केरळचे, बिहारचे, फिलिपिन्सचे, कोकणातले. फवाजसाहेब अरबीत बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्यानंतर थांबले. निम्म्या लोकांना कळत नव्हतं. सवयीने त्यांची मान शर्मिलाकडे वळली, आणि आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन ते ओशाळले.

शर्मिला पुढे झाली.

"साहेब म्हणतात," ती आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत खणखणीत आवाजात म्हणाली, "की शर्मिलाने कोणतीही बातमी फोडलेली नाही."

फवाजसाहेबांनी पुढचं वाक्य सांगितलं. बातमी कुणी फोडली ते. तिने तेही सांगितलं, नावासकट. आवाज तिथे जरा अडला, पण तिने नाव गिळलं नाही.

शेवटचं वाक्य फवाजसाहेब अगदी हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं बोलले.

"साहेब म्हणतात," शर्मिला शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "की चूक त्यांची होती."